किल्ली कुणाच्या हातात?

निळं आंतर्देशीय पत्र आठवतं? आपण त्याला नुसतं 'इनलँड' म्हणायचो. बारीक अक्षरात सगळं घरदार त्यात मावायचं आणि जागा संपली की उरलेला मजकूर समासात आडवा चढायचा. त्या पत्राच्या पाठीवर एक सूचना छापलेली असे. आत काही ठेवू नका, असं हिंदीत आणि 'नो एन्क्लोजर्स अलाउड' असं इंग्रजीत. माझ्या वयाच्या कितीतरी जणांची 'एन्क्लोज' या क्रियापदाशी पहिली ओळख झाली ती अशी, मनाई म्हणून! अर्थात मनाई पाळली कुणी? राखीचा रेशमी दोरा, पुडीतलं चिमूटभर कुंकू, सौंदत्तीच्या यल्लम्माचा भंडारा हे सगळं त्या घड्यांमधून गुपचूप प्रवास करायचंच.

इनलँड आता क्वचितच कुणी लिहितं. शब्द मात्र राहिला, उलट पसरला. बँकेच्या फॉर्मवर तो आहे, मुलांच्या भूमितीत आहे, प्राणिसंग्रहालयाच्या पाटीवर आहे आणि नव्या वसाहतींच्या जाहिरातींत तर हमखास आहे. परवा माझ्या नववीतल्या मुलीनं विचारलं, "आई, एन्क्लोजला मराठीत काय म्हणतात गं?" मी म्हटलं, "वाक्य सांग." ती म्हणाली, "वाक्य नाही, नुसता शब्द." मग ती वडिलांकडे वळली आणि तोच प्रश्न तिनं कन्नडमध्ये विचारला. तेही म्हणाले, "याव वाक्य?" म्हणजे कोणतं वाक्य?

माझं माहेर शहापूरचं, मराठी. सासर बैलहोंगलकडचं, कन्नड. आमच्या घरात एकाच जेवणात दोन भाषा वाढल्या जातात आणि तिसरी तोंडी लावायला असते. तरीही या एका इंग्रजी क्रियापदासाठी आम्हा दोघांनाही आधी वाक्य लागलं. असं का व्हावं, याचा मी त्या दिवसापासून विचार करते आहे. जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवते. तुमच्या घरातही हाच खेळ चालत असणार.

पाकिटातलं एन्क्लोज

सर्वांत सोपा अर्थ पत्राचा. पत्रासोबत दाखला, पावती, फोटो पाठवला की इंग्रजीत तो 'एन्क्लोज' केला. मराठीत आपण कागद 'सोबत जोडतो' आणि सरकारी मराठीत त्या कागदाला 'सहपत्र' म्हणतात. किती छान शब्द आहे पाहा, पत्राचा सोबती! कन्नडमध्ये कागद 'लगत्तिसु' करतात. आपल्याला तो शब्द लगेच ओळखीचा वाटतो, कारण घराच्या 'लगत' असलेलं घर आपण रोज म्हणतो.

पण कन्नड अर्जाच्या अगदी तळाशी पाहा. तिथं बहुधा 'अडक' असं लिहून पुढं कागदांची यादी असते. कन्नडमध्ये अडक म्हणजे आत सामावलेलं. मराठी डोळ्याला मात्र तिथं 'अडकलेलं' दिसतं. आमच्याकडे यावरून नेहमी थट्टा चालते. अर्ज दिला की मी म्हणते, अडकला! आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा माझाच अर्थ खरा ठरतो.

थट्टा बाजूला ठेवून एक कामाची गोष्ट सांगते. सासऱ्यांच्या पश्चात सासूबाईंच्या निवृत्तिवेतनासाठी आम्ही एका कचेरीत अर्ज दिला होता. काही महिन्यांनी उत्तर आलं की मृत्यूचा दाखला जोडलेला नाही. आमच्याजवळच्या प्रतीवर 'अडक : 4' असं होतं, खाली चारही कागदांची नावं होती आणि त्यावर पोच मिळाल्याचा शिक्का होता. ती प्रत पुढं केल्यावर तासाभरात दाखला त्यांच्याच फायलीत सापडला. इंग्रजी पत्राच्या शेवटी 'एन्क्लोजर' या शब्दाचं संक्षिप्त रूप लिहून पुढं आकडा घालतात, तो शोभेसाठी नसतो. कागद हरवला तर किती होते याचा तो साक्षीदार असतो. तेव्हा कोणत्याही भाषेत अर्ज करा, आकडा घाला, नावं लिहा आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

मुलांसाठी थोडं व्याकरणही सांगून टाकते. पत्राच्या बाबतीत या क्रियापदाला 'विथ' लागतो, भिंतीच्या बाबतीत 'बाय' आणि कंसाच्या किंवा पेटीच्या बाबतीत 'इन'. 'प्लीज फाइंड एन्क्लोज्ड' ही जुनी, कोट-टाय घातलेली तऱ्हा आहे. आता सरळ 'आय हॅव एन्क्लोज्ड' लिहिलं तरी चालतं. ई-मेलला पाकीट नसतं, म्हणून तिथं 'अटॅच्ड' अधिक शोभतं. उच्चाराचं म्हणाल तर शेवटचा ज हा 'जातं' या शब्दातला आहे, 'जीव' या शब्दातला नाही. कन्नडमध्ये जात्यातला ज नाहीच, त्यामुळे आमच्या घरात निम्मी माणसं हा शब्द एका तऱ्हेनं म्हणतात आणि निम्मी दुसऱ्या.

भिंतीतलं एन्क्लोज

दुसरा अर्थ भिंतीचा, कुंपणाचा. इथं शाळेतली मुलं 'सराउंड' आणि 'एन्क्लोज' यांत गोंधळतात. गाव डोंगरांनी वेढलेलं असतं, ते 'सराउंड'. डोंगरांमधून खिंडी असतात, वाटा असतात. 'एन्क्लोज' मात्र म्हणायचं ते कडेला कडा पूर्ण मिळाल्यावर. भूमितीच्या जुन्या पुस्तकांत एक गृहीतक असे, की दोन सरळ रेषा जागा बंदिस्त करू शकत नाहीत. दोन रेषा कितीही लांबवा, कुठून तरी वाट उरतेच. तिसरी रेघ आली की त्रिकोण होतो आणि मग आत आणि बाहेर अशी भाषा सुरू होते.

आपल्याकडे या तिसऱ्या रेघेसाठी किती शब्द आहेत! शेताला काट्यांची वई. परसाला घायपाताचं किंवा निवडुंगाचं कुंपण. कोकणच्या बाजूला दगडावर दगड रचलेला गडगा. गावाला गावकूस आणि त्यात वेस. वाड्याला आवार. कन्नडमध्ये बेली आहे, कोटे आहे, आवरण आहे. हे 'आवरण' भारी फसवं. कन्नड शाळेच्या पत्रकात 'शाला आवरणदल्ली' कार्यक्रम असतो, म्हणजे शाळेच्या आवारात. मराठी माणूस तेच वाचतो आणि शाळेला कुणी वेष्टन घातलं की काय, असं त्याला वाटतं. तीच गत 'आवर' या धातूची. कन्नडमध्ये धुकं गावाला 'आवरिसु' करतं, म्हणजे गाव व्यापून टाकतं. मराठीत आई ओरडते, "आवर लवकर!" तेव्हा पसारा पसरायचा नसतो, उचलायचा असतो.

दोन्ही भाषांतल्या माणसांनी सध्या एकमतानं स्वीकारलेला शब्द म्हणजे 'कंपाउंड'. तो आपण इंग्रजी म्हणून वापरतो, पण भिंतीच्या अर्थाचा हा कंपाउंड मलय भाषेतल्या 'काम्पुंग' या शब्दावरून आला असं बहुतेक कोशकार मानतात. काम्पुंग म्हणजे खेडं, वस्ती. गंमत बघा, ज्या शब्दात अख्खी वस्ती मावत होती तो आता दोन घरांमधल्या भिंतीसाठी राबतो आहे.

शब्दाच्या पोटातली किल्ली

आता या शब्दाचं कूळ पाहूया. 'एन्क्लोज' इंग्रजीत आला फ्रेंचमधून, आणि त्याच्या मुळाशी आहे लॅटिन 'क्लाउदेरे', म्हणजे बंद करणे. इन्क्लूड, एक्स्क्लूड, कन्क्लूड, क्लॉझेट ही सारी त्याचीच भावकी. आणि याच घराण्यातली सख्खी बहीण म्हणजे लॅटिन 'क्लाविस', म्हणजे किल्ली. दोघांचंही मूळ खुंटी किंवा आकडा या अर्थाच्या एका फार जुन्या धातूत आहे, असं भाषाशास्त्रज्ञ सांगतात. आपल्याकडेही पाहा. मराठीत किल्ली, उत्तर कर्नाटकातल्या कन्नडमध्ये कीली म्हणजे कुलूप आणि कीलिकै म्हणजे किल्ली. हे शब्द ऐकले की संस्कृतमधला 'कील', म्हणजे खुंटी, आठवल्याशिवाय राहत नाही.

तर 'एन्क्लोज' या शब्दाच्या पोटात किल्ली आहे. पण ती किल्ली कुणाच्या हातात, हे मात्र तो शब्द सांगत नाही. भिंत घातली एवढंच तो सांगतो. आतल्याच्या रक्षणासाठी घातली, की आतल्याला बाहेर पडू नये म्हणून घातली, की बाहेरच्याचा हक्क तोडण्यासाठी घातली, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही.

आपला बेळगावचा किल्ला घ्या. तेराव्या शतकाच्या आरंभी, रट्टांच्या काळात तो उभा राहिला. भोवती खंदक, कन्नडमध्ये कंदक. तो खंदक शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी होता. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेक यांनी 1907 साली प्राणिसंग्रहालय उघडलं, तेव्हा गजांचे पिंजरे काढून वाघ-सिंहांपुढे खंदक खणले. तो खंदक जनावराला आत ठेवण्यासाठी. खणायची रीत एकच आणि इंग्रजी क्रियापदही एकच. किल्ल्याची कडी आतून लागते, तुरुंगाची बाहेरून, एवढाच काय तो फरक. पण तो 'एवढाच' फरक आतल्या माणसाला विचारून पाहा.

जिथला शब्द, तिथली गोष्ट

हा शब्द ज्या मातीतला, त्या इंग्लंडमध्ये त्यानं केवढा उत्पात केला ते आपल्या शाळेत फारसं शिकवत नाहीत. तिथं खेडोपाडी सामाईक जमिनी असत. गरिबाची एखादी गाय, चार मेंढ्या तिथं चरत, सरपण तिथून येई. आपल्या भाषेत सांगायचं तर गायरान. कन्नडमध्ये त्याला गोमाळ म्हणतात. या सामाईक जमिनींना कुंपण घालून त्या एकेकाच्या मालकीच्या करायच्या, याला तिथं 'एन्क्लोजर' असं नाव पडलं. 1604 ते 1914 या काळात ब्रिटिश संसदेनं असे 5,200 हून अधिक कायदे केले आणि त्यांखाली सुमारे 68 लाख एकर जमीन आली. म्हणजे इंग्लंडच्या एकूण भूमीचा जवळजवळ पाचवा हिस्सा. कायद्याच्या कागदांत याला 'सुधारणा' म्हटलं जाई. शेतीचं उत्पन्न वाढलं, हे त्यातलं खरंही होतं. पण ज्याची गाय त्या सामाईक रानावर जगत होती, त्याच्या लेखी ती रातोरात पडलेली भिंत होती.

लोक गप्प बसले नाहीत. 1549 साली नॉरफक परगण्यात लोकांनी कुंपणं उपटायला सुरुवात केली. ते रॉबर्ट केट नावाच्या जमीनदाराच्या शेतावर आले. केटनं त्यांचं म्हणणं ऐकलं, ते त्याला पटलं आणि त्यानं लोकांबरोबर स्वतःचीच कुंपणं उपटली. पुढं तोच त्या बंडाचा पुढारी झाला. बंड मोडलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याला नॉर्विचच्या किल्ल्यावर फाशी दिलं. चारशे वर्षांनी, 1949 साली, त्याच किल्ल्यावर त्या शहरानं त्याच्या आठवणीचा फलक लावला.

दुसरी गोष्ट जॉन क्लेअर या कवीची. 1793 साली हेल्पस्टन नावाच्या खेड्यात, शेतमजुराच्या घरी तो जन्मला. 1809 साली त्याच्या गावच्या जमिनींसाठी एन्क्लोजरचा कायदा झाला. लहानपणी जिथं मोकळं हिंडला ती रानं, ते ओढे, त्या पायवाटा एकेक करून बंद होताना त्यानं पाहिल्या आणि त्यावर कविता लिहिल्या. पुढं मन बिघडलं म्हणून त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं. 1841 साली तिथून तो निसटला आणि सुमारे 80 मैल चालत घराकडे आला. काही महिन्यांतच त्याला नॉर्थहॅम्प्टनच्या इस्पितळात दाखल केलं आणि 1864 साली मरेपर्यंत तो तिथंच राहिला. पण त्या इस्पितळात निदान काही वर्षं एक सोय होती. त्याला गावात जायची मोकळीक होती. तो चालत जाई, तिथल्या मोठ्या चर्चच्या ओसरीवर बसे आणि परत येई. जमिनीची कुंपणं सोसलेल्या माणसाला शेवटच्या कुंपणात कुणीतरी फाटक उघडं ठेवलं, हे वाचून मला बरं वाटलं.

आपल्या शब्दांना बाजू असते

इंग्रजीत जे क्रियापद इतका इतिहास पोटात घेऊन चेहरा कोरा ठेवतं, ते मराठीत आणताना आपल्याला कोणती तरी बाजू घ्यावीच लागते. शेताला कुंपण 'घालतात'. जनावर 'कोंडतात'. शत्रू किल्ल्याला 'वेढा देतो'. लेकराला आई 'कवेत घेते', 'पदराखाली घेते'. कागद 'जोडतात'. गुळाच्या ढेपेला गोणपाट 'गुंडाळतात'. एकाही शब्दाच्या जागी दुसरा बसत नाही. लेकराला पदराखाली कोंडलं असं कुणी म्हणेल का?

यातला कोंडवाडा तर आपल्याकडे थेट कायद्यानं आणलेला. 1871 च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्याखाली गावोगावी कोंडवाडे आले. दुसऱ्याच्या पिकात शिरलेलं जनावर तिथं नेऊन घालायचं आणि मालकानं दंड भरून सोडवायचं. म्हातारी माणसं अजून सांगतात, कोंडवाड्यातल्या गाईच्या हंबरण्यानं रात्री झोप लागत नसे. कन्नड खेड्यांत त्यालाच दोड्डी म्हणतात.

आणि कुंपणावर आंधळा विश्वास ठेवू नये, हे दोन्ही भाषांना फार पूर्वीपासून माहीत आहे. मराठीत म्हण आहे, कुंपणच शेत खातं. कन्नडमध्ये बेलिये एद्दु होल मेय्दंते, म्हणजे कुंपणच उठून शेत चरलं तसं. बाराव्या शतकातल्या बसवण्णांच्या एका वचनातही हाच विचार आहे. राखणारा आणि खाणारा एकच निघाला तर दाद कुणाकडे मागायची? दोन भाषांतल्या शेतकऱ्यांना एकच अनुभव आला आणि त्यांनी तो एकाच चित्रात सांगितला.

उलट बाजूचं उदाहरणही आपल्या दोन्ही घरांत आहे. मराठीत ओटी भरतात, कन्नडमध्ये उडी तुंबतात. पदराच्या झोळीत नारळ, तांदूळ, खण, हळकुंड घेऊन बाई तो पदर पोटाशी धरते. हेही आत घेणंच आहे. पण या घेण्याला ना कडी ना कुलूप. हात सैल केला की सारं मोकळं.

ग्रिलवाल्याचं कोटेशन

आता हे सगळं शब्दांचं खूळ वाटत असेल, तर आमच्या घरातली एक गोष्ट सांगते. माझ्या सासूबाईंना मी कन्नड रीतीनं अत्ती म्हणते. त्यांचं वय 82. दोन वर्षांपूर्वीपासून त्यांना मधूनच विसरायला होतं. एकदा दुपारी त्या कुणाला न सांगता निघाल्या आणि बैलहोंगलची गाडी शोधत बसस्टँडवर पोचल्या. ओळखीच्या फुलवालीनं त्यांना बसवून ठेवलं, म्हणून बरं. त्या दोन तासांत आमच्या जिवाचं काय झालं ते आम्हालाच ठाऊक.

रविवारी हुबळीहून भावजी आले. त्यांनी ठरवूनच टाकलं की पुढच्या-मागच्या दोन्ही वरांड्यांना लोखंडी ग्रिल लावायची, फाटकाला कुलूप घालायचं आणि किल्ली स्वयंपाकघरात वर ठेवायची. ग्रिलवाल्याचं कोटेशनही आलं. त्यावर लिहिलं होतं, 'वरांडा एन्क्लोजर, 2 नग.' वाचायला किती सभ्य वाटतं! आमच्या ह्यांनी अत्तींना समजावताना 'बेली' म्हटलं, म्हणजे तुमच्या रक्षणासाठी कुंपण. आणि आतल्या खोलीतून मुलीचा आवाज आला, "म्हणजे अज्जीला कोंडणार?"

एकच काम, एकच लोखंड, तीन शब्द. घरात एकदम शांतता झाली. भावजी चिडले. "रस्त्यावर गाडीखाली सापडली तर? तेव्हा हे शब्द घेऊन बसणार आहात का?" त्यांचं चूक नव्हतं. आईची काळजी त्यांनाही आमच्याइतकीच. अशा घरांत रोज वावरणाऱ्यांना ठाऊक आहे की कोंडणारा बहुधा दुष्ट नसतो. तो घाबरलेला असतो.

अत्ती इतका वेळ सुपारी कातरत होत्या. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि एवढंच विचारलं, "कीलिकै यार कैयाग इरतैती?" म्हणजे किल्ली कुणाच्या हातात असेल?

लॅटिनचं कूळमूळ त्यांना माहीत असण्याचं कारण नाही. पण शब्दाच्या पोटात जे आहे नेमक्या त्यावरच त्यांनी बोट ठेवलं. मग चर्चेचा विषयच बदलला. ग्रिल हवी की नको, यावरून बोलणं किल्लीवर आलं. शेवटी ठरलं ते असं. रस्त्याकडच्या बाजूला ग्रिल लावायची, कारण तिथं वाहनं आहेत. परसाकडचं दार दिवसा उघडं ठेवायचं आणि तिथं कमरेइतकं फाटक बसवायचं. रस्त्याकडच्या ग्रिलची किल्ली आतल्या खिळ्यावर, अत्तींचा हात पोचेल अशा उंचीवर टांगायची. ग्रिलच्या दाराला आणि परसातल्या फाटकाला गाईच्या गळ्यातली जुनी घाट बांधायची, म्हणजे दार हललं की घरभर कळेल आणि कुणीतरी चप्पल घालून त्यांच्याबरोबर निघेल. त्यांच्या चंचीत घराचा पत्ता आणि दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी शिवून टाकायची. चंचीला दोन्ही भाषांत चंचीच म्हणतात, तेवढं समजावणं वाचलं!

भीती संपलेली नाही. घाट वाजली की आजही माझ्या काळजात चर्र होतं. प्रत्येक घराला ही व्यवस्था जमेल असंही नाही. आजार वाढतो, घरात माणसं कमी असतात, कधी कधी दार खरोखर बंद ठेवण्याखेरीज इलाज नसतो. डॉक्टरांचा सल्ला तर घ्यायलाच हवा. पण दार बंद ठेवायची वेळ आली, तर आपण ते बंद ठेवतो आहोत हे आपल्या भाषेत, स्वच्छ शब्दांत म्हणावं. कोटेशनवरच्या सभ्य शब्दाआड दडू नये. कोंडलं असं म्हणताना जीभ अडखळते, आणि ती अडखळते म्हणूनच माणूस दिवसातून चार वेळा आत डोकावतो, बाहेर चक्कर मारून आणतो, जवळ बसतो.

भाषांतर करताना

तेव्हा मुलांनी विचारलं की एन्क्लोज म्हणजे काय, तर कोशातला पहिला शब्द देऊन मोकळे होऊ नका. त्यांना तीन प्रश्न विचारायला शिकवा. आत कोण किंवा काय आहे? ते तिथं कुणी ठेवलं? आणि किल्ली कुणाच्या हातात आहे? उत्तरं मिळाली की मराठी शब्द आपोआप पुढं येतो आणि कन्नडही. कागद असेल तर जोडला, अडक. बाग असेल तर कुंपण घातलं, बेली. मोर्चातल्या माणसांना चारी बाजूंनी अडवलं असेल तर कोंडी केली. आजीनं नातवाला शालीत घेतलं असेल तर लपेटलं. वसाहतीच्या जाहिरातीत 'फुल्ली एन्क्लोज्ड कॅम्पस' असं दिसलं, तर खुशाल विचारा की रखवालदार बाहेरच्यांना अडवतो, की आतल्या म्हाताऱ्यांना आणि मोलकरणींनाही?

दोन भाषांच्या घरात वाढणाऱ्या मुलांना लोक उगीच बिचारी म्हणतात. त्यांचा गोंधळ होतो म्हणे. मला तर वाटतं, एका इंग्रजी शब्दाच्या समोर मराठीचे सहा आणि कन्नडचे सहा शब्द ज्याच्याकडे आहेत, त्याला कुणी सहजासहजी फसवू शकणार नाही. फक्त ते शब्द घरात वापरात राहायला हवेत. वई, गडगा, गावकूस, दोड्डी, बेली हे शब्द आपण बोललो नाही तर मुलांना फक्त कंपाउंड तेवढा कळेल.

तुमच्या घरी, तुमच्या गावाकडे कुंपणाला आणि कोंडण्याला आणखी काय काय म्हणतात? आजीला विचारा, मामाला विचारा, आणि ते शब्द मुलांच्या वहीत लिहून ठेवायला सांगा. खानापूरच्या रानातले शब्द वेगळे असतील, चिकोडीच्या मळ्यातले वेगळे आणि बैलहोंगलचे आणखी वेगळे. वहीचं एक पान सहज भरेल.